मोदिकाचं चॉकलेट वितळून गुळगुळीत होतच नाही: कारण आणि उपाय

इटलीतल्या सिसिली बेटावरच्या मोदिका गावचं चॉकलेट घेतलेल्यांची तक्रार बहुतेक वेळा अशीच येते. "पॉडकास्टवर ऐकून मोदिकाचं चॉकलेट मागवलं, नेहमीसारखं डबल बॉयलरवर ठेवलं, पण दाणे जातच नाहीत." त्यापुढची कथा प्रत्येकाची वेगळी. कुणी आच वाढवतं आणि चॉकलेट करपतं. कुणी मायक्रोवेव्हमध्ये आणखी अर्धा मिनिट फिरवतं. कुणी चमचाभर दूध घालून बघतं, तर सगळ्याचा घट्ट गोळा होतो. मग माल जुना होता, प्रवासात उन्हाने बिघडला, नकली निघाला, असं काहीतरी म्हणून ती महागाची वडी फ्रिजच्या दारात पडून राहते.

वडी बहुतेक वेळा अगदी ताजी आणि अस्सल असते. चुकतं ते एवढंच, की आपण तिला कंपाउंडची (कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल घातलेल्या चॉकलेटची) किंवा कूवर्चरची (कोको बटर जास्त असलेल्या गुळगुळीत चॉकलेटची) रीत लावतो. रीत बदलली की याच वडीतून सुरेख गनाश (चॉकलेट आणि क्रीमचं मऊ मिश्रण) होतं, ब्राउनी होते, बिनअंड्याचा केकही होतो. म्हणून आधी ते दाणे कशाचे आहेत ते बघू. एवढं कळलं की पुढचे बरेचसे उपाय तुमचे तुम्हालाच सुचतील.

दाणे साखरेचे आहेत आणि साखर तुपात विरघळत नाही

मोदिका हे सिसिलीच्या आग्नेय टोकाला, रागुसा जिल्ह्यातलं गाव. १६९३ च्या भूकंपानंतर या भागातली गावं नव्याने बांधली गेली. वाल दि नोतोमधल्या अशा आठ बरोक शैलीच्या गावांना युनेस्कोने २००२ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत मोदिकाही आहे. सिसिली शतकानुशतकं स्पेनच्या अंमलाखाली होती. मेक्सिकोत कोको दगडावर वाटायची जी पद्धत स्पॅनिश लोकांनी पाहिली ती त्यांच्यासोबत इथवर आली, असं मोदिकात सांगितलं जातं. बोनायुतो यांचं दुकान तिथे १८८० पासून आहे. २०१८ मध्ये मोदिकाच्या चॉकलेटला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन मिळालं. युरोपात चॉकलेटला असा दर्जा मिळण्याची ती पहिलीच वेळ.

करायची पद्धत साधी आहे. कोको मास, म्हणजे भाजलेल्या कोकोच्या बियांचं वाटण, ४० अंश सेल्सिअसच्या आसपास कोमट करून पातळ करतात. त्यात साखर मिसळतात. दालचिनी, व्हॅनिला, मिरची, संत्र्याची साल असं काही घालायचं असेल तर तेही त्यातच. मग साच्यात ओतून साचे आपटतात आणि थंड करतात. वरून कोको बटर नाही, दूध नाही, चॉकलेट प्रवाही ठेवणारं लेसिथिनही नाही.

आता पॉडकास्टवर हमखास ऐकू येणारं एक वाक्य घेऊ. "तापमान कमी ठेवतात, म्हणून साखर वितळत नाही आणि दाणे राहतात." ऐकायला पटतं. पण साखर वितळायला १६० अंशांच्या वर जावं लागतं, आणि तिथे ती वितळता वितळता कॅरमेल व्हायला लागते. जगातलं कुठलंही चॉकलेट करताना इतकं तापवत नाहीत. बाजारातल्या गुळगुळीत चॉकलेटमधली साखरही वितळलेली नसते, ती फक्त अतिशय बारीक दळलेली असते. रोलरखाली ती २० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास आणतात. साधारण ३० मायक्रॉनच्या खालचा कण आपल्या जिभेला लागत नाही. वर कॉन्चिंगमध्ये ते तासन्‌तास घोटलं जातं. हे घोटायचं यंत्र रोडोल्फ लिंट यांनी १८७९ मध्ये बर्नला काढलं. मोदिकात हे दळणं आणि घोटणं दोन्ही नाही, म्हणून साखरेचा दाणा शाबूत राहतो.

हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्या चुकीच्या वाक्यामुळेच लोक आच वाढवतात. कमी तापमानामुळे दाणे राहिले असतील तर जास्त तापवून ते जातील, असा साहजिक हिशोब मनात बसतो. प्रत्यक्षात डबल बॉयलरवर तुम्ही तासभर उभे राहिलात तरी साखर हलणार नाही. आजूबाजूला आहे ते कोको बटर, म्हणजे स्निग्ध पदार्थ, आणि साखर त्यात विरघळत नाही. तिला पाणी लागतं. ते दुधातलं असो, क्रीममधलं असो, कॉफीतलं असो, पण पाणीच लागतं.

वडी याच जातीची आहे की नाही, हे आधी तपासून घ्या. वेष्टनावर कोको मास आणि साखर एवढेच दोन घटक, फार तर एखादा मसाला, असतील तर ती दाणेदार असण्याची शक्यता जास्त. कोको बटर आणि लेसिथिन लिहिलेलं असेल तर बहुधा गुळगुळीत. "दगडावर दळलेलं" एवढ्याच शब्दांवर जाऊ नका, ग्रॅनाइटच्या चाकांवर दिवसरात्र दळून मऊसूत केलेलं चॉकलेटही तेच शब्द लावून विकलं जातं. खात्रीची परीक्षा म्हणजे तुकडा मोडून उजेडात धरायचा. मोडलेल्या बाजूवर साखरेचे कण चमकताना दिसतात. मग तो तुकडा जिभेवर ठेवा. चॉकलेट विरघळून गेल्यावरही मागे साखर कुरकुरत राहिली तर या लेखातले उपाय तुमच्यासाठी आहेत.

गनाश: आधी पाणी, मग क्रीम, शेवटी लोणी

सगळ्यात जास्त फसतं ते गनाश, म्हणून ते नीट सांगते.

नेहमीच्या गनाशमध्ये आपण क्रीम गरम करतो, चॉकलेटवर ओततो, दोन मिनिटं झाकून ठेवतो आणि ढवळतो. इथे ते पुरत नाही. पहिलं कारण म्हणजे दाणा जाडा असल्यामुळे त्याला विरघळायला वेळ आणि ऊब दोन्ही हवं, आणि ओतलेलं क्रीम लगेच निवतं. दुसरं कारण आपल्याकडच्या क्रीमचं. दुकानात मिळणारं पुडीतलं फ्रेश क्रीम २५ टक्के फॅटचं असतं. अमेरिकी पाककृतीतलं हेवी क्रीम किमान ३६ टक्क्यांचं, ब्रिटिश डबल क्रीम ४८ टक्क्यांच्या आसपासचं. आपलं क्रीम पातळ आहे ही इथे सोयीचीच गोष्ट, कारण त्यात पाणी जास्त आहे. पण ते खदखदून उकळलं तर फाटू शकतं. म्हणून विरघळवण्याचं काम दुधाकडून करून घ्यायचं आणि क्रीम नंतर घालायचं.

१०० ग्रॅमची, ६० टक्के कोकोची वडी धरा. ती मोठ्या भोकांच्या किसणीवर किसून घ्या. तुकडे करून चालतं, पण किसाला सगळीकडून सारखं पाणी लागतं. जाड बुडाच्या पातेल्यात ५० मिली दूध उकळीला आणा, आच अगदी मंद करा आणि सगळा कीस एकदम घाला. एकदम, चमच्या-चमच्याने नाही. पहिल्या अर्ध्या मिनिटात ते काळपट, मंद आणि दाणेदार दिसेल. घाबरू नका, व्हिस्क फिरवत राहा. मिनिटभराने कडेला बुडबुडे यायला लागतात आणि मिश्रण सैल पडतं. त्याच सुमाराला रंग बदलतो, मातकट तपकिरी जाऊन गडद, काचेची चकाकी असलेला रंग येतो. साखरेचा पाक तयार व्हायला लागल्याची ती खूण. तरीही लगेच उतरवू नका. मंद आचेवर आणखी दोनेक मिनिटं, बुडाला लागू न देता, ढवळा.

मग परीक्षा. चमच्याच्या टोकावर थोडं घ्या, जरा निवू द्या आणि अंगठा व तर्जनीमध्ये चोळा. पाकाची तार बघताना करतो तसंच, पण इथे तार नको, कण लागतो का ते बघायचं. कण टोचत असेल तर एक चमचा गरम दूध आणि आणखी मिनिटभर आच. टोचत नसेल पण पिठूळ लागत असेल, तर ती साखर नाही, कोकोची जाडसर भरड आहे. ती विरघळत नाही. बारीक गाळणीतून गाळली तर काही प्रमाणात जाते, आणि राहिली तरी खाताना बाधत नाही.

आता आच बंद. ४० ग्रॅम क्रीम खोलीच्या तापमानाला आणून घाला आणि ढवळा. बोटाला कोमट लागलं की २० ग्रॅम लोणी तुकडे करून घाला. हँड ब्लेंडर असेल तर दहा-पंधरा सेकंद फिरवा, पातं मिश्रणात बुडालेलं ठेवा, म्हणजे हवा शिरणार नाही. हे गनाश रात्रभर झाकून ठेवलं की केकवर पसरण्याइतकं घट्ट होतं.

या प्रमाणामागचा हिशोब सांगून ठेवते, म्हणजे वेगळ्या वडीला ते बदलता येईल. ६० टक्क्यांच्या १०० ग्रॅम वडीत साखर सुमारे ४० ग्रॅम. खोलीच्या तापमानाला एक भाग पाण्यात साधारण दोन भाग साखर विरघळते, म्हणजे कागदावर २० ग्रॅम पाणी पुरेल. पण कोकोची भरडही पाणी शोषते आणि उकळताना थोडी वाफ जाते, म्हणून मी दुपटीहून कमी कधी धरत नाही. वडी ५० टक्क्यांची असेल तर साखर ५० ग्रॅम, दूध ६० ते ६५ मिली घ्या. वडी ८० टक्क्यांची असेल तर साखर कमी असूनही दूध तेवढंच ठेवा, कारण भरड जास्त आहे.

एक खबरदारी. दुकानातली गोड, दूध नसलेली व्हिपिंग क्रीम यात घालू नका. तिच्यात साखर आधीच भरपूर असते आणि मोदिकाच्या कडसर चवीवर तिचा वास बसतो. इतकं चांगलं चॉकलेट घेऊन शेवटी हाती नुसता गोडवा लागावा, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

चमचाभर दूध घातलं आणि गोळा झाला

हे कुठल्याही चॉकलेटचं होतं, मोदिकाचं लवकर होतं. थोडंसं पाणी शिरलं की साखरेच्या कणांवर चिकट पाकाचा थर येतो, कण एकमेकांना धरतात आणि कोको बटर बाजूला पडतं. डबल बॉयलरची वाफ, ओला चमचा, नीट न पुसलेलं भांडं, पावसाळ्यातली दमट हवा, यांतलं काहीही पुरतं. मोदिकाच्या वडीत वरून घातलेलं कोको बटर आणि लेसिथिन नसल्यामुळे मिश्रण मुळातच कमी प्रवाही असतं, म्हणून गोळा पटकन बांधला जातो.

टाकून देऊ नका. गोळा झाला तो पाण्यामुळे, पण सुटतोही पाण्यानेच, फक्त पुरेशा. ठोकताळा असा की ६० ग्रॅम चॉकलेटला किमान एक टेबलस्पून, म्हणजे १५ मिली, पातळ पदार्थ हवा. त्याच्या खाली गेलात तर गोळा, त्याच्या वर गेलात तर सॉस. म्हणून कढत पाणी किंवा दूध एकेक टेबलस्पून घालत जोरात घोटा. दुसऱ्या-तिसऱ्या चमच्याला गोळा सैल पडून चकाकी येते. आता हे चॉकलेट वरच्या कवचासाठी चालणार नाही, ते घट्ट कडक होणार नाही. पण केकच्या मिश्रणात, आइस्क्रीमवर, दुधात, सगळीकडे चालेल.

गोळा न होता तूप सुटलं असेल, म्हणजे वर पिवळसर तवंग आणि खाली जाड लगदा, तर ते जास्त तापलंय किंवा पाण्याच्या मानाने स्निग्धांश जास्त झालाय. आचेवरून उतरवा, कोमट होऊ द्या, एक-दोन चमचे कोमट दूध घाला आणि हँड ब्लेंडर फिरवा.

मायक्रोवेव्हबद्दल एकच सांगते. कोरडी वडी त्यात ठेवू नका. ती पसरत नाही, जागच्या जागी तापते आणि मधेच करपते. दुधासोबत ठेवणार असाल तर हरकत नाही.

ब्राउनी कोरडी झाली, गोडही जास्त झाली

इथे दाण्यांपेक्षा प्रमाणाचा घोळ असतो. समजा पाककृतीत २०० ग्रॅम ७० टक्क्यांचं चॉकलेट सांगितलंय आणि तुम्ही ५० टक्क्यांची मोदिकाची वडी तितकीच घातली. ७० टक्क्यांच्या २०० ग्रॅममध्ये साखर ६० ग्रॅम, तुमच्या वडीत १००. म्हणजे पाककृतीतली साखर ४० ग्रॅमने कमी करायला हवी.

स्निग्धांशाचं उलट. ७० टक्क्यांच्या कूवर्चरमध्ये वरून कोको बटर घातलेलं असल्यामुळे १०० ग्रॅममागे ४० ग्रॅमच्या वर फॅट असतं. मोदिकाच्या ५० टक्क्यांच्या वडीत फक्त कोको मासमधलं, म्हणजे साधारण २७ ग्रॅम. २०० ग्रॅममागे तीसेक ग्रॅमची तूट पडते. ३५ ग्रॅम लोणी जास्त घातलं की ती भरून निघते. हे दोन बदल केले नाहीत तर ब्राउनी गोड, भुसभुशीत आणि दुसऱ्या दिवशी घशात अडकणारी होते, आणि दोष ओव्हनला दिला जातो.

ब्राउनीवरची पातळ चमकदार पापडी हवी असेल तर मिश्रणात साखर विरघळलेली असणं गरजेचं आहे. म्हणून इथेही कीस आधी थोड्या गरम दुधात किंवा कडक कॉफीत, १०० ग्रॅमला ४० मिलीच्या हिशोबाने, मोकळा करून घ्या, त्यात गरम लोणी मिसळा आणि मगच अंडी व साखर. तेवढं पाणी ब्राउनी सहन करते.

बिनअंड्याचा केक करणाऱ्यांना यात फायदाच आहे. कंडेन्स्ड मिल्कच्या किंवा दह्याच्या केकमध्ये दूध घालायचंच असतं. तेच दूध आधी उकळून त्यात वडी विरघळवा, निवू द्या आणि पुढची कृती जशीच्या तशी. मोदिकाचं चॉकलेट पहिल्यांदा वापरणाऱ्याला मी हाच केक सुचवते. गनाशपेक्षा सोपा आणि चव पुरेपूर कळते.

पॉडकास्ट ऐकून करताना

खाण्यापिण्याचे पॉडकास्ट मी रोज ऐकते, कणीक मळताना, ट्रे धुताना. त्यांनीच मला मोदिका, मेक्सिकोतलं वाहाका, फिलिपिन्समधलं बतांगास ही नावं दिली. पण चॉकलेटच्या बाबतीत कानावर भरवसा ठेवून ओव्हन लावू नये, असं माझं ठाम मत आहे. सूत्रसंचालक वडी तोंडात टाकून तिच्या दाण्यांचं कौतुक करतो, आणि भागाच्या शेवटी पाककृती सांगताना "चॉकलेट वितळवून घ्या" एवढंच म्हणतो. ते चॉकलेट तीच वडी आहे की साधं बेकिंग चॉकलेट, हे आवाजातून कळत नाही. बहुतेक वेळा ते साधं असतं. एखादी पाककृती खरोखर मोदिकासाठी लिहिली आहे का, हे ओळखायची सोपी खूण म्हणजे तिच्यात चॉकलेट पातळ पदार्थात उकळायला सांगितलेलं असतं, कोरडं वितळवायला नाही.

म्हणून भागासोबत दिलेला मजकूर उघडा आणि ग्रॅममधलं माप शोधा. नसेलच तर स्वतः बदला. अमेरिकी स्टिक म्हणजे ११३ ग्रॅम लोणी, औंस म्हणजे २८ ग्रॅम, कप म्हणजे २४० मिली. अमेरिकी टेबलस्पून १५ मिलीचा, ऑस्ट्रेलियन २० मिलीचा. गोळा होणं-न होणं एका चमच्यावर ठरतं तिथे हा पाच मिलीचा फरक लहान नाही. "साडेतीनशेवर भाजा" म्हणाले तर ते फॅरनहाइट, आपल्या ओटीजीवर १७५ ते १८०.

"मेक्सिकन चॉकलेटच्या दोन गोल वड्या घ्या" हे तर आणखी अडचणीचं. मेक्सिकोत, विशेषतः वाहाकात, गिरणीत कोको, साखर, दालचिनी आणि बदाम आपल्या पसंतीच्या प्रमाणात दळून मिळतात. ते मुळात पिण्याचं चॉकलेट. दाणेदार, आणि साखर बऱ्याचदा निम्म्याहून जास्त. कारखान्यातल्या वड्यांच्या वेष्टनावर तर साखर हाच पहिला घटक असतो. ती गरम दुधात किंवा पाण्यात टाकून मोलिनियोने घुसळतात, आणि मोलिनियो म्हणजे आपली रवीच. दोन तळव्यांमध्ये धरून घुसळायची, वर फेस आणायचा. हे चॉकलेट ब्राउनीत घालायचं असेल तर पाककृतीतली साखर बरीच कमी करावी लागते आणि जोडीला बिनगोडाची कोको पावडर लागते. दालचिनी आधीच आहे, वरून घालू नका. तिथली दालचिनी सिलोनची, मऊ सालीची असते. आपल्या वाण्याकडे दालचिनी म्हणून बहुतेकदा कॅशिया मिळते, तिचा उग्रपणा त्यावर चढतो.

फिलिपिन्सची ताब्लेया याच्या उलट. ती बहुधा निव्वळ कोकोची, साखर नसलेली. तिच्यात दाणे लागले तर ते साखरेचे नाहीत, भरडीचे आहेत, आणि वरचा पाण्याचा उपाय तिथे फारसा उपयोगी नाही. ती उकळून गाळून घ्यावी.

मिक्सर आणि ग्राइंडर

वडी मिक्सरमधून काढली तर, असं हमखास विचारलं जातं. पात्याच्या उष्णतेने कोको बटर सुटतं आणि भांड्याला थापटून बसतं. फ्रीजरमध्ये अर्धा तास ठेवून, थांबत थांबत फिरवली तर भुकटी मिळते आणि ती किसापेक्षा लवकर विरघळते. पण नुसती भुकटी केल्याने दाणा जिभेला लागायचा थांबत नाही, घरचा मिक्सर तेवढं बारीक करत नाही.

वेट ग्राइंडरची गोष्ट वेगळी. इडलीचं पीठ वाटायच्या आपल्या दगडी ग्राइंडरमध्ये थोडे बदल करून जगभरचे छोटे चॉकलेट बनवणारे त्यात बियांपासून चॉकलेट दळतात, हे सांगताना मला फार आनंद होतो. त्यात मोदिकाची वडी दिवसभर फिरवली तर गुळगुळीत होईलही. पण घरचा पिठाचा ग्राइंडर त्यासाठी घेऊ नका, दगडाच्या छिद्रांत राहिलेला ओलावाच गोळा करायला पुरेसा आहे. आणि दाणा घालवून टाकलेली मोदिकाची वडी म्हणजे महागात पडलेलं साधं डार्क चॉकलेट.

वडीवर पांढरा थर

बुरशी नाही. वडीवर पांढुरकी झाक येऊ शकते, हे मोदिकाच्या मानांकनाच्या नियमांतही गृहीत धरलेलं आहे. वडी तापून पुन्हा निवली की कोको बटर वर येऊन थिजतं. बोटाच्या ऊबेने ती झाक विरघळली तर ते कोको बटर. विरघळली नाही, खरखरीत लागली आणि पाण्याच्या थेंबाने गेली, तर ती साखर, म्हणजे वडीला दमटपणा लागलाय. दोन्ही वड्या वरच्या सगळ्या कृतींना निर्धोक चालतात.

विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात फ्रिजशिवाय गत्यंतर नाही, कोको बटर ३४ अंशांच्या आसपासच वितळतं. कोकण-मुंबईत अडचण दमटपणाची. दोन्हीकडे वडी आधी बटर पेपरमध्ये, मग हवाबंद डब्यात ठेवा. बाहेर काढल्यावर डबा तासभर बंदच राहू द्या. थंड वडी उघडली की तिच्यावर घाम धरतो आणि तिथूनच गोळ्याची सुरुवात होते.

जिथे दाणे काढूच नयेत

नानकटाई, शॉर्टब्रेड, कुकीज, बनाना ब्रेड. यात वडी सुरीने जाडसर चिरून घाला. तुकडे ओव्हनमध्ये फारसे पसरत नाहीत, आकार धरून राहतात, आणि साखरेची कुरकुर भाजलेल्या मैद्यात छान लागते. मोदिकात म्पानातिग्गी नावाच्या अर्धचंद्राकृती पेस्ट्रीत बदाम, मसाले आणि बारीक वाटलेल्या गोमांसासोबत हेच चॉकलेट भरतात. आकार आपल्या करंजीच्या जवळचा. सारणात खोबरं, बदाम, वेलची आणि मोदिकाचा कीस घालून तळण्याऐवजी भाजलेली करंजी केलीत तर दाणा तिथे सारणातल्या पिठीसाखरेचं काम करतो, साखर वेगळी घालावी लागत नाही.

केकवरचं चकचकीत कवच, साच्यातली चॉकलेटं किंवा बुडवलेली स्ट्रॉबेरी मात्र या वडीने करायचा हट्ट धरू नका. पाणी घातलं तर कवच धरत नाही, नाही घातलं तर दाणे दिसतात. तिथे साधं कूवर्चर वापरा आणि ते ओलं असतानाच मोदिकाचा जाड कीस वरून भुरभुरवा.